सांडशी

विट्याच्या मैदानाला गवत नाही.
मुरूम आहे, आणि दुपारी तीननंतर
खानापूरच्या अंगानं सुटणारा वारा,
चुन्याच्या रेषा आमच्याआधी पळवणारा.
अशा जमिनीवर चेंडू लांब धाडणं सोपं.
त्याला दोन पावलांवर निजवणं अवघड.

मुलाणी सर म्हणायचे,
होमरन आंधळ्याचाबी लागतो एखादा,
बंट डोळसाचं काम हाय.

वरचा हात सरकव बॅटवर, मध्यापर्यंत.
बोटं मागं ठेव, पुढं राहिली
तर घरी जाऊन मोजत बसशील.
टोक जरासं वर.
चेंडू खाली आला तर गुडघे वाकव, बॅट नाही.
आणि मारू नको रे,
मारायची सवय आधी काढून टाक अंगातनं.

तीन महिने माझा चेंडू वरच उडत होता.
कॅचर जाळी काढून, हसत, आरामात झेलायचा.
नाहीतर थेट पिचरच्या पुढ्यात,
एका चेंडूत दोन आऊट, आणि
सरांचं ते टोपी काढून डोकं खाजवणं.

वडील सेलमला गलाईच्या कामात, बावीस वर्षं.
सुट्टीला आले की विचारायचे,
कसला हा खेळ, मुद्दाम बाद व्हायचा?
पण मी भिंतीपुढं बॅट धरून उभा राहिलो
तेव्हा माझ्या मुठीकडं बघून म्हणाले,
सांडशी अशी आवळलीस
तर मुशीतलं सोनं अर्धं जमिनीवर.
घट्ट धरला की हात थरथरतो.
सैल धर. सोडू नको फक्त.

तेवढ्यानं जमलं, असं नाही.
पण त्यानंतर चेंडू बॅटीवर आदळायचा कमी,
टेकायचा जास्त.

मग फलटणशी सामना. शेवटचा डाव, बरोबरी,
एक आऊट, रेवण तिसऱ्या बेसवर.
सरांनी उजव्या कानाची पाळी ओढली.
कान म्हणजे स्क्वीझ.
पिचरचा हात सुटला की रेवण पळणार,
चेंडू कुठंही येवो, मला सोडता येणार नाही.
आला तो नेमका गालफडाजवळ, उंच, वेगात.
तिसऱ्या बेसचा पोरगा इतका पुढं धावत आलेला
की त्याचा किडका दात दिसला.

मी बॅट वर नेली. एवढंच आठवतं.
आवाज असा, जणू कुणी
कणकेच्या गोळ्यावर बोट ठेवलं.
चेंडू पहिल्या बेसच्या रेषेला लागून
थोडा लडबडला आणि पडून राहिला.
रेवण मुरमात घसरत घरी आला,
गुडघ्याची साल सोडून.
मी पहिल्यावर चार पावलं आधीच बाद.
गरज नव्हती, तरी पळत गेलो.

रात्री एसटी स्टँडवर भजी खाताना
सर हळूच म्हणाले,
मी कुठं खूण केली रे?
कानात धूळ गेल्ती.

श्रेणिक आता मोबाईलवर आकडे दाखवतो:
पहिल्यावर धावपटू, शून्य आऊट, तेव्हा बंट करणं
म्हणजे खिशातनं पैसे काढून वाटेत टाकणं.
सत्तावीसच आऊट असतात मालक,
एक फुकट का द्यायचा?
हिशेब त्याचा बरोबर आहे.
मी दोनदा तपासून बघितला, तिसऱ्यांदाही.
त्याला किडका दात सांगावा वाटतो,
कुठल्या रकान्यात लिहायचा, कळत नाही.

शनिवारी पोरींचा सराव घेतो.
गार्गीचा हात अजून घट्ट आहे,
नखं पांढरी पडतात.
सांडशी म्हणालो तर विचारते, म्हणजे पक्कड का?
असू दे, पक्कड तर पक्कड.

खानापूरकडनं वारा सुटतो,
कानात मुरूम बसतो, खाजतं.
मी हात खिशातच ठेवतो.
तिसऱ्यावर कुणीतरी उभं असतं.