गिरणीतला पुठ्ठा

टॉवेलच्या खोक्याचा पुठ्ठा, एक बाजू कोरी,
एमआयडीसीतून रिक्षात मांडीवर धरून आणला.
तीन रात्री कॉटखाली नुसताच पडून होता.
चौथ्या रात्री पावणेतीनला पाणी आलं,
हंडे भरता भरता पहिली ओळ सुचली
आणि टाकी वाहून गेली.

म्हेत्रेंच्या गिरणीत, ज्वारीच्या चक्कीशेजारी,
कॅलेंडरच्या खिळ्यावरच अडकवला.
शिवलिंगअण्णा म्हणाले, "कसली जाहिरात गं ही?"
"जाहिरात नाही. असंच लिहिलंय."
"असंच?"
त्यांनी वाचला नाही. काढलाही नाही.
सुताच्या दोऱ्यानं पेन्सिल बांधून ठेवली होती मी,
कुणाला काही म्हणायचं असेल तर.

लिहिलं होतं इतकंच, की
रात्री लाइट गेली की भिंतीपलीकडचे माग थांबायचे
आणि आमच्या नायनाची झोप मोडायची.
खडखडाटात घोरणारा माणूस
शांततेला दचकायचा,
"काय झालं, काय झालं" ओरडत दारापर्यंत जायचा.
खाली नाव: भूदेवी येमूल.

पहिल्या आठवड्यात कोपऱ्यात कुणीतरी लिहिलं,
"ज्वारी ५ किलो, बाकी १० रु."
मी तेही चार वेळा वाचलं.

मग मास्तरी अक्षर:
"झोप ती असते. 'नायनाचा झोप' नव्हे. बाकी बरं आहे."
घरी तेलुगू बोलणाऱ्या पोरीचे तो-ती-ते
जन्मभर अडखळतात, त्यांना कुठं माहीत.
पण "बाकी बरं आहे"वर
माझा अख्खा बुधवार निघाला,
पॅकिंगमध्ये दोन डझनांच्या जागी तीन भरले, शिव्या खाल्ल्या.

त्याखाली, टोक मोडलेल्या पेन्सिलीनं,
"आमचे हे पण."
नाव नाही.

आणि शनिवारी, पिठाखाली दबलेल्या चार ओळी,
गोल, एकमेकींना चिकटून बसलेल्या.
तेलुगू.
बोलते मी. वाचता येत नाही.

पुठ्ठा घरी आणला.
अम्मा सुपात पानं कापत होती.
सिरिसिल्लाला दुसरीपर्यंत शिकलेली,
तंबाखूनं पिवळं झालेलं बोट अक्षरांखालून सरकवत वाचू लागली:
मागावर कान जातात, ओठ राहतात.
आम्ही ओठांनी बोलायचो, तुझा नायनासुद्धा.
ते तू लिहिलं नाहीस.
अम्माला विचार.
अंकम नरसय्या, त्याचा जोडीदार.

"काय लिहिलंस तू त्याच्याबद्दल?"

मग सगळं वाचून दाखवावं लागलं,
आधी मराठीत, मग तोडकंमोडकं तेलुगूत.
कात्री थांबली.
अम्मानं भिंतीकडं पाहिलं
आणि तिचे ओठ हलले,
सावकाश, मोठे करून,
समोर दोन माग ओलांडून कुणी उभं असल्यासारखे.
आवाज नाही.

"काय म्हणालीस?"
"तुला नव्हतं ते."
आणि सूप पुढं ओढलं,
हजाराला अजून दीडशे विड्या कमी होत्या.

या सोमवारी दुसरा पुठ्ठा घेऊन गेले.
यात झोप ती केलीय. दुसऱ्या चुका असतील.
कॅलेंडर शेजारच्या भिंतीवर सरकलेलं,
खिळा मोकळा.
चक्की चालू होती, अण्णांच्या पापण्यांवर पीठ.
त्यांनी पट्टा न थांबवताच
माझ्याकडं बघून काहीतरी विचारलं.

ऐकू आलं नाही.
मी ओठ बघितले.