सतरा नंबर

सव्वीस वर्षं मी टायरांवर खडू ओढला.
लांब काठीच्या टोकाला पिवळा खडू,
म्हणजे कमरेत वाकावं लागत नाही.
मागच्या चाकावर एक रेघ,
दोन तासांनी परत यायचं,
रेघ तिथंच असली तर पावती फाडायची.
एवढीच माझी विद्या.

ब्रँडवोल्ड म्हणजे एक मेन स्ट्रीट.
एका टोकाला धान्याचं कोठार, दुसऱ्या टोकाला लुथरन चर्च,
मधे आणि बाजूच्या गल्ल्यांत मिळून
गाड्यांना एकशे बारा जागा.
तरी दर महिन्याच्या सभेत एलरॉय ट्वेट उठायचा,
केस कापायची कात्री वरच्या खिशात तशीच,
आणि म्हणायचा, गिऱ्हाईक येतं, दोन घिरट्या घालतं,
अन् निघून जातं हायवेवरच्या मॉलला.
गाव मरतंय पार्किंगपायी.
बेकरीवाली सोल्व्हेग मान हलवायची,
औषधवाला मान हलवायचा.

मागच्या बाकावरून एकदा मी म्हटलं होतं,
सकाळी आठची रेघ मला संध्याकाळी पाचलाही दिसते,
आणि ती गिऱ्हाइकांच्या चाकांवर नसते.
(आपल्याच दुकानदारांना पावती द्यायची नाही,
असा तोंडी हुकूम होता.)
इतिवृत्तात ते आलं नाही.

मग मिनियापोलिसहून मरेन नावाची पोरगी आली,
गुडघ्यांवर बसून डांबराला भोकं पाडली,
प्रत्येक जागेत एक,
आत आइस हॉकीच्या चकतीएवढं काळं काहीतरी पुरलं.
मी विचारलं, याला दिसतं कसं?
दिसत नाही, म्हणाली. डोक्यावर लोखंड आलं
की जमिनीचं चुंबकत्व जरासं हलतं,
तेवढं त्याला कळतं.
बर्फाखालीसुद्धा?
बर्फाखालीसुद्धा.
मी मनातल्या मनात काठी भिंतीला टेकवून ठेवली.

फेब्रुवारीतल्या सभेत तिनं भिंतीवर नकाशा पाडला.
हिरवे ठिपके, तांबडे ठिपके.
भर दुपारीही अडतीस जागा रिकाम्या,
वळणापलीकडे, शंभर पावलांवर.
आणि मेन स्ट्रीटवरचे एकोणीस तांबडे
दिवसभर डोळा न मिटणारे.
उदाहरणार्थ सतरा नंबर, ती म्हणाली,
सात बावन्नला तांबडा होतो,
सहा वाजून पाच मिनिटांनी हिरवा.
सतरावर कुणाचा पिकअप असतो हे तिला ठाऊक नव्हतं.
बाकी सगळ्यांना होतं.
कुणी छताकडे बघितलं, कुणी कॉफीत.
गावभर शोधत होतो ती जागा
आम्हीच बुडाखाली घेऊन बसलो होतो.

मला राग यायला हवा होता.
थोडा आलाही.
जे मी तोंडानं सांगितलं ते पटलं नाही,
चकतीनं मुक्यानं सांगितलं ते पटलं.
पण चकतीला पुढच्या शनिवारी
एलरॉयकडून केस कापून घ्यायचे नव्हते.
तिची बहीण सोल्व्हेगच्या बेकरीत कामाला नव्हती.
ती पडली परगावची.

आता एलरॉय पिकअप चर्चमागं लावतो,
उणे वीसमध्ये तीन मिनिटं चालत येतो,
शिव्या देत.
वाटेत पाव घेतो.
सोल्व्हेगच्या दुकानात त्यानं पाऊल ठेवलं
ते म्हणे अकरा वर्षांनी.

माझ्याकडे खडूंचं दीड खोकं उरलं होतं.
जूनमध्ये त्याच्या नातीला दिलं, टिल्डाला.
ती सतरा नंबरात मांडी ठोकून बसली
आणि सहा पायांचा घोडा काढू लागली.
मी फोन उघडून पाहिलं.
सतरा : हिरवा.
बरोबरच आहे, मुलीत लोखंड ते किती असणार.

तेवढ्यात परराज्यातली एक मोठी गाडी वळली,
बाई हातातल्या फोनकडे बघत, जागेकडे बघत,
परत फोनकडे.
मी रस्त्यात उतरून हात आडवा केला.
सव्वीस वर्षांत कुणासाठी जागा धरली नव्हती.
थांबा जरा, म्हटलं.
शेपूट राहिलंय.