पन्नास वेळा

फत्तेगंजात दूधवाल्याची सायकल वाजली की
मी चहा ओतते, एक कपात, एक वाटीत.
वाटी शांतवनची, चमच्यासकट.
कप त्याला धरवत नाही
दिवाळीपासून.

मग बोटं.
अंगठ्यापासून धरायचं. उघड, मीट, उघड,
पन्नास वेळा, असं झरणाबेननी सांगितलंय.
"थशे, बेन, थशे," म्हणतात त्या. पैसे घेत नाहीत,
रिक्षा मिळाली नाही की येतही नाहीत.

एकतिसाव्याला माझा आकडा चुकतो.
पुन्हा एकपासून.
प्रभूला घाई नाही. मला आहे,
डाळ कुकरात आहे.

आशा म्हणजे काहीतरी पांढरं, पंखांचं,
असं रविवारच्या शाळेत वाटायचं.
तिच्या हाताला तिळाच्या तेलाचा वास येतो
हे कुणी सांगितलं नव्हतं.

रात्री स्तोत्र वाचते. किती पोचतं, कळत नाही.
शेवटी थांबते मुद्दाम,
त्याचा शब्द येईस्तोवर.
"मेन," म्हणतो तो.
"आ" कुठे अडकतो कुणास ठाऊक,
तो मी पदरचा घालते.
कधी कधी रागानेसुद्धा.

काल करंगळीखालचा रुमाल हलला.
मी पाहिला हलताना.
वर पंखा चालू होता.
लेकीला फोन केला, रुमालाचं सांगितलं,
पंख्याचं नाही.

उद्या पंखा बंद करून बघावं म्हणते.
नाहीतर परवा.
आधी पन्नास होऊ देत.