तिसरी पायरी

वकिलाचं ऑफिस गळ विकणाऱ्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर.
लिफ्ट नाही.
कुबड्या सावरत सोळा पायऱ्या चढले,
खालून गांडुळांचा, ओल्या मातीचा वास.
शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
ही अजून कोर्टाची नव्हती.

थेरॉन पेल्टियर. असेल बत्तीसचा.
शाळेत माझ्याच हातचं जेवला असणार,
डुलुथमधली निम्मी पोरं तशीच मोठी झालीत.
त्यानं पायाखाली खोकं सरकवलं, म्हणाला,
आत्ता फी काही नाही.
जिंकलो तर तिसरा हिस्सा माझा,
हरलो तर तुमचं देणं शून्य.
मी म्हटलं, हाड तर सगळं माझंच मोडलंय.
तो हसला नाही. लिहून घेत होता.

तारीख? अकरा फेब्रुवारी.
वेळ? संध्याकाळचे सहा, म्हणजे मिट्ट काळोख.
दिवा? होता. लागत नव्हता.
मीठ टाकलेलं? नाही.
पायात काय होतं? बूट.
कसले? बुटांसारखे बूट.
हातात?

हातात भांडं होतं,
बटाट्याचं, वर चीज, ओव्हनमधून नुकतंच काढून
टॉवेलात गुंडाळलेलं.
व्हर्ना तीन दिवस तापात होती, जेवली नव्हती.
म्हणजे कठडा धरला नव्हता, तो स्वतःशीच पुटपुटला.

आणि पायरी तुटकी आहे हे आधी माहीत होतं?

आता काय सांगू या मुलाला.
सव्वीस वर्षं डुगडुगतेय ती तिसरी.
तिचा ऑर्डेल म्हणायचा, उन्हाळ्यात बघू.
उन्हाळे आले. ऑर्डेल गेला.
पोस्टमन ती गाळतो, नातवंडं गाळतात,
म्हातारा आंधळा कुत्रासुद्धा गाळायचा.
नवं कुणी आलं की व्हर्ना आतून ओरडते, तिसरी सोडून!
मला ओरडायची ती कधी थांबली, आठवत नाही,
पण त्या दिवसापासून
मी त्या घरात पाहुणी राहिले नव्हते.

त्या रात्री वर बर्फ होतं, सगळ्या पायऱ्या एकसारख्या.
माझी मोजणी चुकली.

हे सगळं एका ‘हो’मध्ये कसं बसवू?

त्यानं पेन खाली ठेवलं.
विचारलं तर खरं सांगा, म्हणाला,
विचारल्याशिवाय नको.
मग शांतपणे समजावलं,
पैसे मैत्रीण देत नाही, तिची विमा कंपनी देते.
कागदावर फक्त नाव तिचं.
कागद माझ्याकडे फिरवला.
वर आइली किन्नुनेन, खाली व्हर्ना हाल्व्होर्सन,
मध्ये एकच शब्द: विरुद्ध.

आमच्या मध्ये एक कुंपण होतं,
रास्पबेरीचं जाळं होतं, कुणाच्या बाजूचं ते कधी ठरलं नाही,
अर्धे अर्धे पैसे घालून आणलेलं बर्फ ढकलायचं यंत्र होतं.
हा शब्द नव्हता.

पण फ्रिजवर चुंबकाखाली हॉस्पिटलचं बिल आहे,
माझ्या विम्यानं झटकलेले एकोणीस हजार.
आणि व्हर्नाच फोनवर म्हणाली होती,
कर की दावा, बावीस वर्षं हप्ते भरतेय,
कुणाच्या तरी उपयोगी पडू देत.
ते बोलली, मग फोन आला नाही.

सही केली.
पायरीचा फोटो हवा म्हणाला, आजच.

गेले तर पायरी नवी.
पिवळी फळी, चार चकचकीत स्क्रू,
जावयाचं काम असणार, कडेला भुसा अजून बर्फावर.
आता कुणीही चढावं.
दार उघडलं. व्हर्ना वर, मी खाली,
मध्ये चार पायऱ्या, चारही धड.

सांभाळून, ती म्हणाली.

माझं भांडं तिच्या हातात होतं. ते फुटलं नव्हतं,
दोघी पडलो तेव्हा फक्त मीच मोडले.
घासून ठेवलंय, म्हणाली,
वरच्या पायरीवर ठेवलं आणि आत गेली.
दार लोटलं नाही.

फोन खिशात, एका काखेत कुबडी, दुसऱ्या हातात कठडा.
पहिली.
दुसरी.