वरून नाही

वरून हात घालू नका, बोग्ना म्हणाली,
निवाऱ्याच्या दारात, दोन गिनीपिगांचा खोका माझ्याकडे देताना.
वरून येतो तो ससाणा.
हे त्यांना आईच्या पोटातच कळलेलं असतं.

मी मान डोलावली. सांगितलं नाही
की एकतीस वर्षं ग्दिनियाच्या धक्क्यावर
काचेच्या खोलीत लटकून क्रेन चालवली आहे,
आणि आयुष्यात जे उचललं
ते वरूनच उचललं.

आमच्याकडे ह्यांना समुद्री डुकरं म्हणतात.
समुद्र ह्यांच्या सात पिढ्यांनी पाहिलेला नाही,
आणि डुकरांशी नातं जोडायचंच तर
काकडी दिसल्यावरच्या किंकाळीपुरतं.
तरी मीही नावं ठेवली, चांगल्या अर्थाने:
एक त्सुमा, म्हणजे जहाज बांधायचा दोर.
एक फाला, म्हणजे लाट.

पहिले चार दिवस मी नुसता होतो.
पिंजऱ्याशेजारी खुर्ची, रेडिओवर खलाशांसाठीचं हवामान.
त्या लाकडी खोपट्यात, एकीच्या पाठीवर दुसरी,
गवताची काडीसुद्धा हलेना.
ही शांतता ओळखीची आहे.
धुकं उतरलं की आम्हीही वर असेच,
खालचा माणूस दिसेपर्यंत श्वास मोजत.

पाचव्या दिवशी खुर्ची सरकवली.
गुडघे कुरकुरले. लादीवर पालथा झालो,
गाल सतरंजीला, नाक त्यांच्या नाकाच्या रेषेत.
एकोणसत्तर वर्षांचा माणूस.
समोरच्या गॅलरीतून एल्जब्येताबाई बघत होत्या.
बघू देत.

जमिनीवरून घर मोठं दिसतं.
कपाटाखाली हरवलेलं बटण, धुळीचं लहानसं शेत,
आणि मान वर केली तर
माझ्याच दिव्याची लोंबती तार अंगावर येते.
हूक अडकवणारा रोमुआल्द, उंच विटोल्द,
एकतीस वर्षं मान मोडून वर बघणारे.
त्यांना काय दिसायचं, मी विचारलंच नाही कधी.

शेपू. यादीत बोग्नाने दोनदा अधोरेखित केलेला.
एक काडी बोटांत धरून हात उताणा ठेवला
आणि हा हात नव्हेच, लादीचाच तुकडा आहे
असं त्यालाच समजावत राहिलो.
अर्ध्या तासाने मुंग्या आल्या.
मग मिशा आल्या.
एक झटका, शेपू गायब,
लाट परत खोपट्यात.

पुढच्या आठवड्यात त्सुमाचा एक पाय
माझ्या अंगठ्यावर. त्याच्या पुढच्यात दोन्ही.
मग एका संध्याकाळी मी शिंकलो
आणि तीन आठवडे पाण्यात गेले.

ओतिलिया बर्गेनहून फोन करते. उचललंस का, बाबा?
फोन तेवढा उचलला, म्हणतो.
ती हसते.
तुला शेवटचं कडेवर कधी घेतलं
ते लादीवर पडल्या पडल्या आठवत होतो,
हे म्हणत नाही.

काल जमलं.
बाजूने एक हात छातीखाली,
दुसरा मागच्या पायांखाली,
अधांतरी ठेवायचं नाही, लगेच टेकवायचं.
एवढं तर मला येतच होतं.
स्वेटरला टेकवली.
आठशे चाळीस ग्रॅम.
चाळीस टनांना हात कधी थरथरला नव्हता.
जीव मुठीत धरून बसणं म्हणतात ना,
ते खरं तिचं काम.
ती तर शेपू चावत होती.
मूठ माझी होती,
बहुधा जीवही.

मग मांडी उबदार झाली, मग ओली.
मी हललो नाही.
पिंजऱ्यातून फालाने शीळ घातली,
खालून, धक्क्यावरची माणसं घालायची तशी:
सावकाश.
अजून थोडं.
ठेव.