लवंगेचं तेल

लिस्मोरचा पूर ओसरून तीन आठवडे झाले.
नोएलीन बादलीत लवंगेचं तेल ढवळते,
पाव चमचा, लिटरभर पाण्याला.
घरभर दाढदुखीचा वास.

नदी थांबली त्याच्याही वर
बुरशी चढलीय.
विमावाला म्हणाला, भिंत पाडा.
ती म्हणाली, चहा घेतोस?

डेस्मंडचा फोटो काढला
तर मागे चौकोन, सगळ्यात काळा.
इतकी वर्षं त्याच्या पाठीला
वाराच लागला नव्हता.

फोटो उन्हात टेकवून
ती पुसत राहिली.
फडकं काळं, पाणी काळं,
खांदा भरून आला.

संध्याकाळी भिंत इतकी स्वच्छ
की चौकोन कुठे होता
तेच कळेना.

दिवा न लावता
बोटांनी चाचपत गेली,
खिळ्याचं भोक लागेपर्यंत.