सिलेंडरवाल्याला विचारा

कुठे जेवावं हे तुम्ही मला विचारलंत, बरं केलंत.
खाली बंदरावर विचारलं असतंत
तर चार भाषांतलं मेनूकार्ड हातात पडलं असतं
आणि माशावर फुलासारखी कापलेली लिंबाची फोड.

सकाळी लोखंडी सळईनं सिलेंडर बडवत गाडी जाते ना,
त्या गाडीवरचा मी.
वाल्पाराइसोच्या टेकड्यांवर सव्वीस वर्षं गॅस पोचवतोय.
उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आलाय,
शिंपी माप घेताना दर वेळी हसतो.
लोक शितावरून भाताची परीक्षा करतात,
मी सिलेंडरवरून.

ती निळ्या काचांची जागा बघा, जिच्यासमोर सगळे फोटो काढतात.
पंधरा किलोचा एक त्यांना तीन आठवडे पुरतो.
तीन आठवडे!
म्हणजे शिजतं दुसरीकडेच कुठेतरी,
इथे नुसतं गरम होतं.

एर्मेलिंदाला चौथ्या दिवशी नवा लागतो.
रात्रभर भिजवलेला घेवडा, लाल भोपळा,
आणि त्यात लांबच लांब शेवया;
त्यांना आम्ही लगाम म्हणतो.
लगाम घातलेला घेवडा. हसू नका,
खाल्ल्यावर दुपारभर तुम्हाला कुणी पळवू शकणार नाही.

तिनं हॉटेल काढलं असं काही नाही.
नवरा गोदीत होता, दुपारी दोन मित्रांना घेऊन यायचा.
तो गेला, त्यानंतरच्या सोमवारी
तिनं सवयीनं मोठंच पातेलं चढवलं
आणि ते दोघंही सवयीनं बाराच्या ठोक्याला दारात.
कुणी काही बोललं नाही.
जेवले. उठताना बशीखाली पैसे ठेवून गेले.
दुसऱ्या दिवशी तिसरा एक जण आला.
आता अकरा खुर्च्या आहेत,
त्यातली एक न्हाव्याची, गोल फिरते,
पोरं तिच्यासाठी भांडतात.

खरं तर मी हा पत्ता कुणाला द्यायचो नाही.
गर्दी झाली की आधी खुर्च्या बदलतात,
मग भाव, मग घेवडा.
माझ्या मेहुण्यालासुद्धा सांगितलं नव्हतं,
अर्थात त्याला मी काहीच सांगत नाही.

पण गेल्या जुलैत, कडाक्याच्या थंडीत,
बाराव्या दिवशी तिचा निरोप आला, संपलाय म्हणून.
उचलला तर आत डुचमळत होतं.
अर्धा तरी असेल.
मी तिच्याकडे बघितलं, ती ओटा पुसत होती,
पुसलेलाच ओटा.
आठ खुर्च्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या.

मी तो खांद्यावर घेतला, जिन्याच्या वळणावर जाऊन थांबलो.
जरा वेळानं परत आलो.
म्हटलं, बाई, आज आमच्या मालात खोट निघालीय,
झडपा गळतायत, हाच वापरा अजून चार दिवस.
"पैसे?" म्हणाली.
म्हटलं, कशाचे?

त्या दिवसापासून माझं तोंड सैल सुटलंय.

तर ऐका. टपाल कचेरीच्या मागचा जिना धरा,
एकशे चाळीस पायऱ्या, मोजू नका, दम लागेल.
पिवळा कुत्रा भेटेल, त्याला हवी ती हाक मारा,
प्रत्येक घरात त्याचं वेगळं नाव आहे.
तो जिथे बसकण मारेल त्याच्या समोरचं दार.
पाटी नाही. मण्यांचा पडदा आहे, दोन लडी तुटलेल्या.
खिडकीजवळ बसू नका,
ती रोसामेलची जागा, क्रेन चालवायचा तो,
त्या दोघांतला उरलेला एक.
काय आहे म्हणून विचारू नका. जे आहे ते येईल.
कांदा जास्त मागितलात तर ती खूश होते.

आणि गेलो होतो असं मला खोटं सांगू नका.
बुधवारी मी तिचा सिलेंडर उचलेन,
तेव्हा कळेलच.